धागा: तबला शिकलेल्या मुलाने ड्रमलाइनची ऑडिशन द्यावी का? तयारी कशी करायची?

मृदुला_फ्रिस्को
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत असते, आज विचारायची वेळ आली. आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला असतो. मुलगा नववीत आहे, पंधरा पूर्ण. नऊ वर्षांचा असल्यापासून तबला शिकतोय. यंदा शाळेच्या मार्चिंग बँडमधे पिटमधे होता, म्हणजे मैदानाच्या पुढच्या कडेला मरिंबा, व्हायब्राफोन मांडून उभे असतात ती मुलं. आता मे महिन्यात पुढच्या वर्षाच्या ड्रमलाइनची, म्हणजे मैदानावर चालत ड्रम वाजवणाऱ्यांच्या ओळीची, ऑडिशन आहे आणि त्याला स्नेअरच हवाय, तो काड्यांनी वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम. पहाटे साडेपाचला उठून रबराचा प्रॅक्टिस पॅड घेऊन बाथरूमच्या आरशासमोर उभा राहतो, स्वतःच्या काड्या किती वर जातात ते बघत. मी चहा टाकायला उठते तेव्हा आतून टक टक टक टक चालूच असतं.
मला यातलं काहीच कळत नाही हो. तबल्याचा उपयोग होईल का? ऑडिशनमधे नेमकं बघतात काय? आणि हल्ली त्याच्या तोंडी सारखं डीसीआय डीसीआय असतं, ते शाळेपेक्षा वेगळं आहे एवढंच समजलंय. कानांचीही काळजी वाटते. कोणाची मुलं यात असतील तर प्लीज सांगा.

काडी_नऊ_इंच
ताई मी वीस वर्षांचा आहे, शाळेत तीन वर्षं स्नेअर वाजवला आणि मग दोन उन्हाळे डीसीआयच्या एका कोरमधे, म्हणजे शाळेबाहेरच्या बँडपथकात होतो, त्यामुळे बरंच सांगता येईल.
आधी ऑडिशनबद्दल. शाळेची असो नाहीतर कोरची, आधी एक पॅकेट मिळतं, त्यात एक्सरसाइज असतात. पहिला जवळजवळ सगळीकडे एकच, एका हाताने आठ स्ट्रोक, मग दुसऱ्या हाताने आठ. ऐकायला इतकं सोपं वाटतं की मुलं तो दोनदा वाजवून सोडून देतात आणि पुढचे फ्लॅम, रोल वगैरे अवघड प्रकार घोटत बसतात, आणि कट, म्हणजे मुलं गाळणं, बहुतेक त्या पहिल्या आठातच होतात. कारण बघणारा तुमचा स्पीड बघतच नसतो, तो बघतो की आठही स्ट्रोक एकाच उंचीवरून आले का, आठही एकाच आवाजाचे आहेत का, आणि डावा हात उजव्यासारखा दिसतो का. काडीची उंची इंचात ठरलेली असते, हलका टॅप तीन इंच, अ‍ॅक्सेंट म्हणजे जोराचा टोला नऊ किंवा बारा. तीन म्हणजे तीन, साडेचार नाही.
दुसरं म्हणजे पाय. हात वाजवत असताना पाय मेट्रोनोमवर कदमताल करत राहिले पाहिजेत. पॅकेट हातात आलं की पहिल्या दिवसापासून उभं राहून, पाय हलवत प्रॅक्टिस करायची. खाटेवर बसून केलेली प्रॅक्टिस तिथे धरूच नका.
आणि तिसरी गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. ओळीत उभं केलं की मधला स्नेअर, म्हणजे सेंटर, 'डट डट डट डट' असा तोंडाने काउंट देतो आणि सगळे सुरू. चूक झाली तर थांबायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, पुढच्या सममधे शिरायचं. मग इन्स्ट्रक्टर येऊन म्हणतो डाव्या हाताचा अंगठा जरा सैल सोड. आता तो फक्त एवढंच बघतोय की पुढच्या फेरीत तू सोडलास का.

सुधाकर_तबला
तबल्याचा उपयोग होतो का, यावर थोडे लिहितो. मी न्यू जर्सीत बावीस वर्षे तबला शिकवतो आहे आणि माझे चार विद्यार्थी शाळेच्या ड्रमलाइनमधे गेले.
लयीचा उपयोग प्रचंड होतो. ज्या मुलाने नगम्यावर (तालासाठी सतत वाजणाऱ्या धुनेवर) कायदा, म्हणजे तबल्याची एक रचना, ठायमधे (संथ लयीत), मग दुगुनमधे, मग चौगुनमधे वाजवला आहे त्याला मेट्रोनोमची भीती नसते. पाठांतरही तयार असते, दोन पानांचे पॅकेट ही मुले दोन दिवसांत तोंडपाठ करतात, बोल म्हणत म्हणत. पॅराडिडल हा ड्रमचा एक मूळ हात शिकताना मी त्यांना 'उ डा उ उ, डा उ डा डा' (उजवा, डावा) असे आधी म्हणायला लावले, हातात काडी नंतर.
परंतु एक गोष्ट मोडावी लागते. तबल्यात उजव्या आणि डाव्या हाताचे काम मुळातच वेगळे, एकीकडे चाट (कड) नि शाई (मधला काळा भाग), दुसरीकडे डग्ग्याची घुमक. शिवाय प्रत्येकाचा 'ना' हा बोल वेगळा असावा, त्यातच त्याची ओळख. इथे आठ जणांचा 'ना' एकच हवा. माझ्या एका फार गुणी विद्यार्थ्याला याचाच त्रास झाला, तो प्रत्येक ओळीच्या शेवटी जरासे वजन देत असे, आमच्याकडे त्याला दाद मिळाली असती. तिथे त्याला ते काढून टाकायला सांगितले. पुष्कळ दिवस त्याला वाटत राहिले की आपले वाजवणे कमी होते आहे.

पुणेरी_तर्री
सर, शेवटचं अगदी पटलं. मी पुण्यात पथकात सात वर्षं ताशा वाजवला, आता शिकागोत आहे. इकडे आल्यावर वाटलं होतं, तर्री (ताशाचा सलग कडकडाट) येते म्हणजे स्नेअर काय अवघड, आणि मित्राच्या मुलाची काडी घेऊन पॅडवर बसलो. ताशाच्या काड्या एवढ्या बारीक, मनगट नि बोटांवर सगळं काम, आणि ही काडी म्हणजे ताशेवाल्याच्या दृष्टीने टिपरूच, ढोलाची जाड काडी. स्नेअरचं पान केवलार नावाच्या मजबूत कृत्रिम धाग्याचं असतं, टेबलासारखं घट्ट ताणलेलं, काडी आपटली की परत अंगावर येते. ती उसळी पकडून डबल स्ट्रोक करायचा. आपण ताशात जोर लावतो, इथे सोडून द्यावं लागतं.
पण मुद्दा पथकाचा. आपल्याकडे पथकात ऑडिशन अशी नसतेच ना, जुलैत नदीकाठी वादन सुरू झालं की जो रोज येतो तो तयार होतो, हात बसला की मिरवणुकीत घेतात. ताशाला हात येईना तर ढोल घे, ढोल पेलेना तर झांज घे, ध्वज धर. घरी कोणालाच पाठवत नाहीत. मला ती पद्धत जास्त बरी वाटते, खरं सांगायचं तर. पंधरा वर्षांच्या पोराला कट करणं हे जिवावर येतं.

अभिजित_के
थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. दहावी-अकरावीची दोन वर्षं इथे कॉलेजच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत रोज संध्याकाळी प्रॅक्टिस, शुक्रवारी फुटबॉल गेम, शनिवारी काँटेस्ट. माझ्या भाच्याचं बघितलंय, रात्री साडेअकराला घरी येऊन गृहपाठ करायचा. तबला आहे ना छान, घरच्या घरी होतो, झोप मोडत नाही. हे सगळं कशासाठी?

विदुला_पिटवालीची_आई
अभिजित, काळजी बरोबर आहे तुमची पण टेक्सासचे नियम सांगते, ऑस्टिनला असते मी. शाळेच्या आठवड्यात वर्गाबाहेरची प्रॅक्टिस आठ तासांपेक्षा जास्त घेता येत नाही. आणि 'नो पास नो प्ले' आहे, एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलं की काँटेस्टला उभंच राहता येत नाही, १९८४ पासूनचा कायदा आहे हा. माझ्या मुलीचा बीजगणिताचा अभ्यास आम्ही सांगून कधी झाला नाही, पण मरिंबा सुटेल म्हटल्यावर झाला. शिवाय पीईचं, म्हणजे शारीरिक शिक्षणाचं, क्रेडिट यातच मिळतं.
झोपेचं मात्र खरं आहे, ऑक्टोबर महिना आम्ही सगळेच पेंगत काढतो.
मृदुला, एक सांगू का, पिटमधून बाहेर पडायला तो का बघतोय ते एकदा विचार त्याला. पिटची मुलं मार्च करत नाहीत म्हणून बाकीचे त्यांना कमी समजतात, आणि मुलं तेच मनाला लावून घेतात. चार मॅलेट (गोल टोकाच्या काड्या) घेऊन मरिंबा वाजवणं हे स्नेअरपेक्षा सोपं अजिबात नाही. त्याला खरंच स्नेअर आवडत असेल तर जाऊ दे, नुसता भाव मिळावा म्हणून असेल तर बोल त्याच्याशी.

श्रवण_ऑडिओ
कानांबद्दल लिहितो, माझा हाच व्यवसाय आहे. नाओश ही इथली सरकारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा धरते आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बंद हॉलमधे ड्रमलाइन वाजत असेल तर १०० सहज ओलांडतात. फोमचे बुच्चे स्वस्त नि चांगले, पण ते वरचे सूर फार खातात, मग मुलाला आपलीच काडी नीट ऐकू येत नाही आणि तो ते काढून खिशात टाकतो. त्यापेक्षा संगीतवाल्यांसाठी फिल्टर असलेले येतात, ते सगळेच सूर साधारण सारख्या प्रमाणात कमी करतात. पहिल्या दिवसापासून घालायची सवय लावा, म्हणजे कान त्यांच्यासकटच वाजवायला शिकतो. प्रॅक्टिसहून आल्यावर कानात शीळ वाजते का, हे रोज विचारा. वाजत असेल तर थांबायचं.

मृदुला_फ्रिस्को
किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी! बुच्चे आजच मागवले. विदुला, विचारलं त्याला. म्हणाला, "आई, पिटमधे मी बाकीच्यांना ऐकतो, पण मला त्यांच्या मधे उभं राहायचंय." यावर मी काय बोलणार.
काडी, तो आठाचा एक्सरसाइज त्याने कालपासून धरलाय. व्हिडिओ काढून दाखवला मला, डावी काडी सरळ वर न जाता बाहेरच्या बाजूला तिरकी जाते हे मलासुद्धा दिसलं! अजून एक, तो डाव्या हाताने काडी पेन्सिलसारखी, तळहात वर करून धरतो. ते बरोबर आहे का?

सांगलीकर_साइडड्रम
ती ट्रॅडिशनल ग्रिप. तिचं कारण आमच्या शाळेच्या बँडमधे बघायला मिळायचं. सांगलीत आठवीत असताना मी साइड ड्रम वाजवायचो, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला. पट्टा उजव्या खांद्यावरून तिरका, ड्रम डाव्या मांडीवर लटकून कललेला. मग डावा हात वरून नेला तर कोपर कुठल्या कुठे जातं, म्हणून काडी खालून, अंगठ्याच्या बेचक्यात धरायची. हल्ली कॅरियर, म्हणजे ड्रम अडकवायचा सांगाडा, खांद्यावर बसतो, ड्रम सपाट असतो, तेव्हा ते कारण उरलेलं नाही. तरी पुष्कळ लाइन तीच ग्रिप धरतात, परंपरा म्हणून आणि दिसायला सुंदर म्हणून. काही ठिकाणी दोन्ही हात सारखे, मॅच्ड ग्रिप. त्याच्या शाळेची लाइन कुठली धरते ते बघा, तीच करायची.

काडी_नऊ_इंच
काकांना +१. पण मी म्हणेन पहिल्या वर्षी मॅच्डने ताकद बसवावी मग ट्रॅडिशनल. डावा हात कच्चा असताना ट्रॅडिशनल धरली की अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागतं.

सांगलीकर_साइडड्रम
नाही पटत. शाळेची लाइन ट्रॅडिशनल असेल तर दोन महिन्यांत ग्रिप बदलणं म्हणजे डाव्या हाताची पुन्हा पहिली इयत्ता. जे लागणार तेच आत्तापासून, हळू टेम्पोवर. दुखलं की थांबा, एवढंच.

काडी_नऊ_इंच
बरं काका, ऑडिशन मेमधे आहे हे धरलं तर तुमचं बरोबर.
डीसीआयचं राहिलंच होतं. ड्रम कोर इंटरनॅशनल. हे शाळेचं नाही, स्वतंत्र कोर असतात, फक्त ब्रास (पितळी फुंकवाद्यं), पर्कशन (तालवाद्यं) आणि कलरगार्ड (झेंडे फिरवणारे). मूळ पहिल्या महायुद्धानंतरच्या माजी सैनिकांच्या संघटनांमधे, पुढे चर्च, स्काउट वगैरेंनी पोरांसाठी चालवले. पहिली चॅम्पियनशिप १९७२ ला विस्कॉन्सिनमधे व्हाइटवॉटरला झाली, २००९ पासून फायनल इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियमवर असते. कॅलिफोर्नियाच्या ब्लू डेव्हिल्सनी वीसहून जास्त वेळा जिंकलीय. एकविशी-बाविशीला एज-आउट होतं, नंतर घेत नाहीत. मोठ्या कोरच्या स्नेअर लाइनमधे आठ-नऊ जागा, आणि त्यासाठी देशभरातून मुलं येतात, जपानहूनही येतात. नोव्हेंबर-डिसेंबरमधे कँप, आधी व्हिडिओ पण मागतात. निवड झाली तर मेच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत रोज दहा-बारा तास उन्हात, रात्री बसने पुढच्या गावी, शाळेच्या जिमच्या फरशीवर स्लीपिंग बॅग टाकून झोपायचं. फी हल्ली मोठ्या कोरची पाच हजार डॉलरच्या आसपास किंवा वर. बरीच मुलं वर्षभर काम करून जमवतात.
मला पहिल्या वर्षी कट केलं. सतरा वर्षांचा होतो. दोन दिवस चांगलं झालं, रविवारी दुपारी नावं वाचली, माझं नव्हतं. आयओवाच्या हद्दीपर्यंत बाबा गाडी चालवत होते आणि मी एक शब्द बोललो नाही. मग त्यांनी पेट्रोल पंपावर गाडी थांबवली, डब्यातल्या धपाट्या काढल्या, आणि म्हणाले पुढच्या वर्षी तारीख कधी असते? पुणेरी काका, कट करणं वाईट म्हणता तुम्ही, पण त्या इन्स्ट्रक्टरने मला कागदावर चार ओळी लिहून दिल्या होत्या काय सुधारायचं त्याच्या. तो कागद वर्षभर माझ्या पॅडच्या वर भिंतीला होता. मी पुन्हा गेलो तेव्हा त्याने माझे हात ओळखले, नाव नाही.

पुणेरी_तर्री
हे वाचून थोडा बदललो. चार ओळी लिहून देत असतील तर ती हाकलून देण्याची गोष्ट नाही.

नीलिमा_ओहायो
सगळ्यांना असे इन्स्ट्रक्टर मिळत नाहीत. आमच्या मुलाला एका ठिकाणी तीनशे मैल जाऊन कागदावर नुसता नंबर लावून परत पाठवलं, का ते आजतागायत कळलं नाही, दोन मेल केल्या त्यांनाही उत्तर नाही. त्याने काड्या माळ्यावर टाकल्या त्या दीड वर्ष. मग डेटनला डब्ल्यूजीआयची स्पर्धा बघायला गेलो, ते इनडोअर, बास्केटबॉलच्या कोर्टवर ड्रमलाइन वाजवतात, १९९३ पासून पर्कशनची स्पर्धा आहे त्यांची. तिथून परत आल्यावर रात्री माळ्याची शिडी लागल्याचा आवाज आला. आता तो एका छोट्या इनडोअर ग्रुपमधे टेनर वाजवतो. चार मोठे, एक-दोन छोटे ड्रम एकत्र, कॅरियर धरून तीस-पस्तीस पाउंड, खांद्यावर वळ उठतात. मृदुला, तू विचारावंस म्हणून सांगते, कट झाल्यावर अभिप्राय देतात का, हे आधीच विचार.

अभिजित_के
वाचतोय सगळं. भाच्याला फोन केला काल, त्याला विचारलं हे कशासाठी. अर्धा तास बोलत होता. एवढा तो माझ्याशी आजवर कधी बोलला नव्हता. ऑक्टोबरमधे त्याची काँटेस्ट बघायला जाणार आहे.

विदुला_पिटवालीची_आई
जा जा! आणि मृदुला, जुलैत सॅन अँटोनियोला अलामोडोममधे डीसीआयचा मोठा शो असतो, फ्रिस्कोहून पाच तासांवर. तिकीट दाखवून आत जायच्या आधी पार्किंगमधे जा, त्याला लॉट म्हणतात, तिथे ड्रमलाइन वॉर्मअप करतात. आम्ही गेलो तेव्हा डांबर इतकं तापलेलं की चपलेतून चटका बसत होता. नऊ मुलं अर्धवर्तुळात, काड्यांना पांढरी टेप, सगळे आठाचाच एक्सरसाइज वाजवत होते, काडी म्हणतो तोच. मी डोळे मिटले तर एकच माणूस वाजवतोय असं वाटलं. माझी मुलगी रडत होती आणि तिला विचारलं तर म्हणे घाम आहे.

मृदुला_फ्रिस्को
मंडळी, निकाल सांगायला आले. उशीर झाला लिहायला.
ऑडिशन शनिवारी झाली. स्नेअर मिळाला नाही. त्याला बास ड्रम दिलाय, पाचातला तिसरा. यादी लागली त्या दिवशी जेवला नाही. मी नीलिमाचं ऐकून त्याला अभिप्राय विचारायला लावलं होतं, ते सर म्हणाले की हात स्वच्छ आहेत पण खेकड्यासारखं आडवं चालताना पाय टेम्पो सोडतात, आणि लय इतकी पक्की आहे की मला तू बासच्या मधोमध हवा आहेस. सर नुसती समजूत घालताहेत असं त्याला वाटलं. मलाही आधी तेच वाटलं. काडी, खरं सांग, ही नुसती समजूत आहे का?

काडी_नऊ_इंच
नाही ताई, अजिबात नाही. बास लाइनमधे एकाच बीटचे चार तुकडे पाच जणांत वाटलेले असतात. म्हणजे एकच वाक्य पाच जणांनी एकेक अक्षर म्हणायचं आणि ऐकणाऱ्याला वाक्य ऐकू आलं पाहिजे. स्नेअरवाला चुकला तर शेजारचे सात झाकतात. तिसऱ्या बासला झाकणारा कोणी नसतो, तिथे भोक पडलं की अख्ख्या स्टेडियमला कळतं. कच्च्या लयीच्या मुलाला तो ड्रम देतच नाहीत.
पायांचं: मैदानावर पाच यार्डात आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच. घराच्या ड्राइव्हवेवर खडूने खुणा करून द्या. तोंड पुढे, पाय एकमेकांवरून आडवे.

सुधाकर_तबला
मृदुलाताई, त्याला सांगा, खाली जागा धरून ठेवणे हे आपल्याकडे फार मोठे काम मानतात. लय सोडली नाही हे सरांनी ऐकले, म्हणजे सहा वर्षे वाया गेली नाहीत.

पुणेरी_तर्री
ढोलाशिवाय ताशाला कोण विचारतं! अभिनंदन सांगा त्याला.

मृदुला_फ्रिस्को
दाखवलं त्याला तुमचं सगळं. काही बोलला नाही, फोन परत दिला. पण आज संध्याकाळी ड्राइव्हवेवर खडूच्या खुणा दिसल्या, पट्टी घेऊन साडेबावीस साडेबावीस मोजलेल्या.
आता नवीनच अडचण. बाकी चार बास नसताना घरी एकट्याने प्रॅक्टिस कशी करणार? काल रात्री जेवण झाल्यावर त्याने आम्हाला टेबलाशी बसवलं. धाकटीला पहिला बास, मला दुसरा, तो तिसरा, बाबांना चौथा, आणि आजी भारतातून आल्यात त्यांना पाचवा, लाटणं देऊन. मेट्रोनोम ६० वर. माझा वाटा एकच टोला, त्याच्या बरोबर आधीचा. अकरा वेळा चुकले मी. बाराव्या वेळी पाचही जणांचं बरोबर एकामागोमाग पडलं, पुढून मागे, आणि तो म्हणाला, "आई, परत. ६४ वर."